शिवाप्पाची ओळ

“पण चूक कुठे आहे, तेवढं तरी सांगा की, सर!”

सन्मती उंबऱ्यातूनच ओरडला. लॅपटॉप छातीशी धरलेला, चपला पायातच.

होनवाड सरांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

“कोण, सन्मती का?”

“हो...”

“चपला काढ आधी. मठ आहे हा.”

त्यानं चपला काढल्या. एक उंबऱ्याच्या आत पडली, एक बाहेर.

आधीच सांगून टाकते, मला हा मुलगा कधी आवडला नाही. हुशार आहे, त्याला कोण नाही म्हणतंय? पण हुशारी मिरवत फिरायचा. मी तंत्रनिकेतनात शिकवते. माझ्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायचा आणि परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवायचा. असल्यांचा राग येतो मला, काय करू!

होनवाड सर आम्हा दोघांचे गुरू. तरुणपणी ते एका लिफ्टच्या कारखान्यात होते. तिथला पहिला प्रोग्राम त्यांनीच लिहिला. मग एकाएकी नोकरी सोडली आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले. आता डोळे गेलेत. मिरजेबाहेरच्या या मठात स्वामींनी त्यांना मागची खोली दिलीय. मी सकाळी येते, पेपर वाचून दाखवते, चहा करते आणि कॉलेजला जाते.

त्या सकाळीही पेपर वाचला होता. हळदीच्या गोदामातली मालाची लिफ्ट. दुरुस्तीला तिच्या छपरावर चढलेला मेकॅनिक. लिफ्ट अचानक वर गेली आणि तो वरच्या स्लॅबला चेंगरला. नाव दस्तगीर नदाफ. ‘मेंटेनन्सची चावी न फिरवताच चढल्याने अपघात झाला, असे लिफ्ट कारखान्याच्या मालकांनी सांगितले.’

सरांनी ती बातमी मला पुन्हा वाचायला लावली होती. मग चहा नको म्हणाले.

कारखाना तोच, सरांचा जुना. सन्मती आता तिथंच कामाला होता.

“बस,” सर म्हणाले.

तो बसला नाही.

“सर, मी दोन वेळा तपासलं. सगळ्या टेस्ट पास आहेत. सगळ्या! तुम्ही एकदा ऐका आणि सांगा, की प्रोग्राममध्ये काही...”

“काही काय?”

“काही चूक नाही म्हणून.”

“आत्ता तर चूक कुठे आहे विचारत होतास.”

इथं मला जरा मागचं सांगायला हवं.

मागच्या खेपेला हाच सन्मती भडंगाचा पुडा घेऊन आला होता. हसत. “सर, तुमचा प्रोग्राम मी मोडला बघा!” पाया पडला आणि पडता पडता हे म्हणाला.

लिफ्ट म्हणजे काय? कधी थांबलेली असते, कधी चालू, कधी दार उघडं, कधी मेंटेनन्सवर टाकलेली. एका वेळी यातलं एकच काहीतरी. सरांचा जुना प्रोग्राम म्हणजे एकच लांबलचक चौकशी होती. बटण दाबलंय, मग लिफ्ट थांबलेली आहे का? असेल तर हे कर. नाही? मग चालू आहे का? असेल तर ते कर. असं खाली खाली, पानंच्या पानं. वाचताना झोप यायची. एक ओळ बदलावी तर दुसरीकडे कुठंतरी काहीतरी बिघडायचं.

सन्मतीनं ते सगळं उलगडून प्रत्येक अवस्थेचा वेगळा तुकडा केला. क्लास म्हणतात त्याला. बटण दाबलं, की लिफ्ट ज्या अवस्थेत आहे तीच उत्तर देणार. बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. पुढं कुठल्या अवस्थेत जायचं, तेही तीच सांगणार. रीत चांगली आहे, आम्हाला सरांनीच शिकवलेली. आणि त्यानं केलंही होतं देखणं. माझ्या जिवावर येतं म्हणायला, पण देखणं होतं.

“ऑफिसात दाखवलं सर. टाळ्या पडल्या!”

“छान.”

“तुमच्या प्रोग्राममध्ये एक गंमत होती हां. सगळ्यात वर एक ओळ. शिवाप्पा असेल तर काही करू नको, मागं फिर. शिवाप्पा! आम्ही पोट धरून हसलो. कोण हो हा शिवाप्पा?”

सर काही बोलले नाहीत.

“मेंटेनन्सची चावी फिरली की तो शिवाप्पा चालू व्हायचा. पण मेंटेनन्सची अवस्था मी वेगळी केलीच होती. मग तीच गोष्ट दोनदा कशाला?”

“मग काय केलंस त्याचं?”

“काढून टाकला.”

सरांनी भडंगाचा पुडा हातात धरला होता. तो त्यांनी फोडला नाही. ओठ हलले. आता बोलतील असं मला वाटलं.

“मालन, चहा टाक,” एवढंच म्हणाले.

आता तोच सन्मती समोर उभा होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. हसू कुठल्या कुठं पळालेलं.

“वाच,” सर म्हणाले.

“काय?”

“प्रोग्राम. मोठ्यानं.”

“सर, तो असा वाचून नाही कळत. बघावा लागतो.”

“मला दिसत नाही, सन्मती.”

तो खाली बसला. लॅपटॉप उघडला. वाचायला लागला. मी माझ्यापुरतं टाकलेलं चहाचं आधण उतरवून ठेवलं, कारण स्टोच्या आवाजात ऐकू येईना.

“चालू. बटण दाबलं तर मजला लक्षात ठेव, आत्ता थांबू नको.”

“हं.”

“दार उघडं. बटण दाबलं तर वाट बघ. दार लागल्याशिवाय हलू नको.”

“हं.”

“वजन जास्त. बटण दाबलं तर घंटा वाजव, हलू नको.”

“पुढं.”

“थांबलेली. या अवस्थेत शिरताना मोटार बंद. दिवा हिरवा.”

“बटण?”

“ते... बेस क्लासमध्ये आहे सर. तळाला थांबलेली, मजल्यावर थांबलेली, दिवे मालवून झोपलेली, तिघींचं उत्तर एकच. निघ. तीच ओळ तीनदा कशाला लिहायची? म्हणून वर बेसमध्ये नेऊन ठेवली.”

बेस क्लास म्हणजे या सगळ्यांचा बाप. जी अवस्था स्वतः काही सांगत नाही, तिच्या वतीनं हा बोलतो.

“पुढं वाच.”

“मेंटेनन्स. आत शिरताना दिवा लाल. बाहेर पडताना दिवा हिरवा.”

तो थांबला.

“पुढं?”

“संपलं.”

“संपलं?”

“बटण दाबलं तर?”

मठाच्या पुढच्या अंगणात कुणीतरी झाडत होतं. तो खराटा थांबला, तेव्हा सन्मतीनं लॅपटॉप हळूच मिटला.

त्याला ठाऊक होतं! दारात ओरडला तेव्हापासून ठाऊक होतं. विचारायला आलाच नव्हता तो. सरांना डोळे नाहीत, सरांना सापडणार नाही, सर म्हणतील तुझी काही चूक नाही बाळ, आणि मग याला झोप लागेल, म्हणून आला होता.

“ऊठ,” सर म्हणाले.

“सर?”

“उभा राहा. मालन, तूही.”

सरांच्या वर्गाची ही जुनी पद्धत. पोरांना फळ्यापुढं उभं करायचे. तू थांबलेली, तू चालू, तू दार उघडं. मग काठी जमिनीवर आपटायचे. काठी वाजली म्हणजे बटण दाबलं. ज्याची पाळी त्यानं आपलं उत्तर द्यायचं, आणि फक्त आपलंच. सगळ्यांच्या मागं एक जण बाप म्हणून उभा असायचा. कुणी गप्प राहिला, की त्याच्या खांद्यावरून बापानं बोलायचं. आम्ही खूप हसायचो त्या तासाला.

“सन्मती, तू मेंटेनन्स. मालन, तू बाप. त्याच्या मागं राहा.”

“सर, आज कशाला हे...” मी म्हटलं.

“राहा.”

मी त्याच्या मागं जाऊन उभी राहिले. त्याच्या शर्टाची कॉलर घामानं ओली झाली होती.

सरांनी काठी उचलली आणि फरशीवर आपटली.

सन्मती गप्प.

“मालन.”

“सर, नको हो!”

“मालन, तुझी पाळी आहे.”

“निघाली,” मी म्हटलं.

सन्मतीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिथंच खाली बसला. ढसाढसा रडला. मी त्याला पाणी दिलं. त्यानं ते तसंच फरशीवर ठेवून दिलं.

मग म्हणाला, “त्यानं मला फोन केला होता.”

“कुणी?”

“दस्तगीरभाईनं. चढायच्या आधी. म्हणाला, साहेब, प्रोग्राम नवीन आहे म्हणून विचारतो. मेंटेनन्सवर टाकली की बटण मरतंय न्हवं? तेव्हा मी जेवत होतो. म्हटलं, मरतंय की. म्हणाला, बरं, ही बघा फिरवली चावी. खट्ट झालेलं मी ऐकलं, सर. फोनवर ऐकलं. मग म्हणाला, जेवा तुम्ही निवांत.”

“मग?”

“मग तिसऱ्या मजल्यावरच्या हमालानं बटण दाबलं. त्याला पोती खाली आणायची होती. त्याला काय माहीत?”

सरांनी मान हलवली. डोळे मिटलेलेच होते, तरी त्यांनी ते आणखी घट्ट मिटले.

“सर, पण चावीनं मोटारीची वीजच तुटायला हवी होती ना? सरळ तारेनं. प्रोग्रामवर ठेवायचंच नाही असलं काही!”

“हवी होती.”

“मालकांनी वाचवली ती तार. माझ्या आधीपासून नाही ती.”

“माझ्या वेळेपासून नाही.”

“मग मी एकटाच कसा...”

“एकटा आहेस असं कोण म्हणालं?”

त्यानं नाक पुसलं. मला त्याची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. मेलेला माणूस दस्तगीर होता. त्याच्या घरी आत्ता काय चाललं असेल?

“पेपरात चावी फिरवली नव्हती असं आलंय,” मी म्हटलं. “हे कुणी सांगितलं?”

“मालकांनी.”

“त्यांना माहीत आहे, की फिरवली होती?”

“मी सांगितलं त्यांना. ते म्हणाले, हे तुला आणि मलाच माहीत आहे, तिसऱ्याला कळायचं कारण नाही. लोकांनी त्याला काढायला वीज तोडली, छप्पर कापलं, चावीची पेटी त्यातच चेपली. आता कोण ओळखणार ती फिरलेली होती की नव्हती.”

“म्हणजे त्याच्या बायकोला सांगणार, की तुझा नवराच निष्काळजी!”

“मी सांगितलेलं नाही, मालनताई. मी काहीच बोललेलो नाही.”

सरांनी चेहरा त्याच्याकडे वळवला.

“काहीच नाही?”

“शपथ सर. एक शब्दही नाही.”

सर काठीवरून हात फिरवत राहिले. सन्मतीला वाटलं असावं, की हे त्याच्या बाजूचं झालं. म्हणून तो पुढं बोलत सुटला.

“मी रात्रीच दुसऱ्या प्रतीत नीट केलं सर. एक ओळ होती. मेंटेनन्समध्ये बटण दाबलं तर काही करू नको. एवढीच!”

“बाकीच्या लिफ्टमध्ये घातलीस? किती ठिकाणी बसवलाय हा प्रोग्राम?”

“आणखी दोन गोदामं. आणि एक दवाखाना.”

“घातलीस का?”

“मालक म्हणतात, आत्ता हात लावलास तर चूक कबूल केल्यासारखं होतं. चौकशी मिटू दे, मग बघू.”

“आणि मिटेपर्यंत कुणी चढलं तर?”

“दवाखान्यात आज सर्व्हिसिंग आहे,” तो इतक्या हळू म्हणाला, की मला पुन्हा विचारावं लागलं. “दुपारी. दुसरा मेकॅनिक जाणार आहे.”

“अरे, मग इथं काय करायलायस तू!” मी ओरडलेच. “फोन कर की त्याला!”

“त्यानं मालकांना विचारलं तर? नोकरी जाईल. केस होईल. मला आत टाकतील, मालनताई. माझी आई...”

आत टाकतील हे खोटं नव्हतं. टाकलंच असतं.

सर म्हणाले, “शिवाप्पा कोण, विचारलं होतंस तू.”

सन्मतीनं मान वर केली.

“शिवाप्पा मेकॅनिक होता आमचा. जतकडचा. कानडी बोलायचा, मराठी मोडकं. मी नवा प्रोग्राम लिहिला होता. मलाही टाळ्या पडल्या होत्या. शिवाप्पा चावी फिरवून चढला होता. मी खालीच उभा होतो. मी बघितलं होतं त्याला चावी फिरवताना. तरी लिफ्ट निघाली.”

इतकी वर्षं मी या माणसाकडे येते. पेपर वाचते, औषधं आणते. हे नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

“आत्ताच्या मालकांचे वडील तेव्हा मालक होते. ते म्हणाले, शिवाप्पा प्यायलेला होता. पोलिसांनी मला विचारलं, प्यायलेला होता का?”

“तुम्ही काय म्हणालात?” सन्मतीनं विचारलं.

“...”

“सर, काय म्हणालात तुम्ही?”

“...”

“सर!”

“हेच,” सर म्हणाले. “हेच म्हणालो. काहीच नाही.”

सन्मती त्यांच्याकडे बघत राहिला. मीही.

“तो दारूला शिवत नव्हता. कागदावर मात्र प्यायलेला म्हणूनच गेला. नंतर मी ती ओळ लिहिली. सगळ्यात वर लिहिली, बाकी कुणी बोलायच्या आधी ती बोलावी म्हणून. तिला त्याचं नाव दिलं. मग नोकरी सोडली.”

“मग कारण का नाही लिहिलं?” सन्मती उसळला. “वर एक ओळ लिहायची ना! हे का आहे, काढलं तर काय होईल! प्रत्येक पोराला तेच शिकवत आलात तुम्ही, कारण लिहा, कारण लिहा! तुम्ही का नाही लिहिलं?”

“लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला कळलं असतं.”

“मागच्या खेपेला मी इथं बसून तुम्हाला सांगितलं, की शिवाप्पा काढला. तेव्हा तरी! तेव्हा तरी बोलायचं होतं!”

“हो.”

“तुम्ही चहा मागितलात!”

“हो.”

“दस्तगीरभाईला तुम्ही मारलंत, सर!”

“हो,” सर म्हणाले. “आणि?”

मी सरांच्या बाजूनं काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलंही. पण काय बोलणार, कपाळ? पोरगा खोटं थोडंच बोलत होता? मी तोंड मिटलं आणि भिंतीशी जाऊन उभी राहिले.

सन्मतीचा सगळा जोर त्या एका ‘आणि’नं गेला. तो पुन्हा खाली बसला. गुडघे पोटाशी घेतले. आता रडतही नव्हता. त्याचं वय किती, आणि बसला होता म्हाताऱ्यासारखा.

“यातून बाहेर कसं पडायचं, सर?”

“मला विचारतोस?”

“मग कुणाला विचारू?”

“सन्मती, आपल्या या रीतीत अवस्थेतून बाहेर काढणारा कोण असतो?”

“कुणी बाहेरचा नसतो,” तो यांत्रिकपणे म्हणाला. परीक्षेत लिहितात तसं. “अवस्थेनंच सांगायचं असतं, आता पुढं कुठं जायचं ते.”

“आणि तिनं सांगितलंच नाही तर?”

“तर तिथंच राहते लिफ्ट.”

“तिथंच राहतो,” सर म्हणाले.

तेवढ्यात सन्मतीचा फोन वाजला.

त्यानं बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “मालक,” म्हणाला.

घेईना. वाजून वाजून बंद झाला. लगेच पुन्हा वाजला.

“घे,” सर म्हणाले. “मला ऐकू येईल असा घे.”

त्यानं स्पीकर लावला आणि फोन फरशीवर ठेवला, पाण्याच्या पेल्याशेजारी.

“सन्मती? अरे, कुठं आहेस? फोन का उचलत नाहीस?” मालकांचा आवाज तसा बरा होता, मायेचा म्हणावा असा. “हे बघ, फौजदार साहेब बसलेत समोर. तू घाबरू नकोस. तुला काही बोलायचं नाही. मी सांगतो सगळं, तू नुसता लाइनवर राहा.”

सन्मती गप्प.

“साहेब, हे आमचे इंजिनियर. मगदूम. प्रोग्राम यांनीच लिहिलाय. आमच्या लिफ्टमध्ये चावी फिरवली की बटण चालतच नाही. दस्तगीरनं ती फिरवलीच नव्हती. गरीब होता बिचारा, पण घाई फार. यांचंही तेच म्हणणं आहे.”

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दुसरा आवाज, जवळून.

“मगदूम, ऐकताय ना? यांचं बरोबर आहे का?”

सन्मतीनं सरांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. त्याचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. मला आठवत होतं, मी अजून त्याच्या मागं होते, भिंतीशी, आणि मला काही बोलायचं नव्हतं. आता बाप होऊन बोलणारा फोनच्या पलीकडं बसला होता.

“गप्प आहेत म्हणजे बरोबरच आहे, साहेब,” मालक हसून म्हणाले. “धक्का बसलाय पोराला. तुम्ही लिहून घ्या.”

“लिहू का, मगदूम?”

सरांनी काठी उचलली. ती त्यांनी फरशीवर आपटली. पेल्यातलं पाणी हललं.

“बटण दाबलंय, सन्मती.”